कॅप्टन बीफहार्टची सम कुठे असते?

जून १९६९ मध्ये अमेरिकेत ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ नावाची दुहेरी रेकॉर्ड आली. दोन तबकड्या, २८ तुकडे, जवळपास ७९ मिनिटं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास वाटतं की चार जण चार खोल्यांत बसून चार वेगळी गाणी वाजवताहेत आणि पाचवा त्यांच्यावर गरजतोय. मग तो म्हणतो, यांना वाजवता येत नाही, किंवा हे मनाला येईल ते वाजवताहेत. दोन्ही चूक. यातला गिटार, बास आणि ड्रमचा बहुतेक प्रत्येक ठोका आधी ठरवलेला आहे आणि महिनोन्महिने घोकलेला आहे. पाठ केलेलं, बांधलेलं संगीत म्हणून ते ऐकायला लागलं की त्यातली रचना दिसू लागते. ती कुठून आली, कशी बसवली आणि कशी ऐकायची, एवढंच इथे सांगायचं आहे.

बँडचं नाव कॅप्टन बीफहार्ट आणि त्याचा मॅजिक बँड. कॅप्टन म्हणजे डॉन व्हॅन व्लीट, जन्म १५ जानेवारी १९४१, कॅलिफोर्नियातलं ग्लेंडेल. लहानपणी तो शिल्पं करायचा. पुढे घर मोहावी वाळवंटाच्या कडेला लँकेस्टर गावी गेलं, तिथल्या शाळेत पुढे रॉक संगीतकार झालेला फ्रँक झॅपा भेटला आणि दोघं तासन्‌तास कृष्णवर्णीयांच्या ब्लूज आणि ऱ्हिदम अँड ब्लूजच्या रेकॉर्डी ऐकू लागले. १९६५ मध्ये मॅजिक बँड उभा राहिला, १९६६ मध्ये बो डिडलीच्या ‘डिडी वा डिडी’ची पहिली रेकॉर्ड आली आणि १९६७ मध्ये ‘सेफ अ‍ॅज मिल्क’ हा पहिला अल्बम. त्यात स्लाइड गिटारवर (तारांवर नळी घासत वाजवायची गिटार) विशीतला राय कूडर आहे. तोवर हा तसा ओळखीचा, थोडा रांगडा ब्लूज-रॉक बँड होता.

मुळाशी ब्लूज

बीफहार्टवरचे प्रभाव मोजायला बसलं की लोक आधी जॅझचं नाव घेतात. आमच्या मते सुरुवात ब्लूजपासूनच करायला हवी, कारण तालाचं कोडं तिथेच सुटतं.

छापील नियमाप्रमाणे ब्लूजचं एक आवर्तन १२ बारचं. एका बारमध्ये ४ मात्रा, म्हणजे एकूण ४८. गाण्याच्या तीन ओळी, प्रत्येक ओळ १६ मात्रांची. तीनतालाची सवय असलेल्या कानाला हे पटकन बसतं. पण जुने एकटे गाणारे ब्लूज गायक हा हिशेब पाळत नसत. जॉन ली हुकर हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. एकटाच गिटार घेऊन, पायाने ठेका धरून गाणार. ओळ संपवावीशी वाटली तिथे संपवायची, लांबवावीशी वाटली तर आणखी दोन मात्रा धरून ठेवायची. त्यामुळे एक आवर्तन साडेअकरा बारचं, पुढचं तेराचं. एकट्याला याने काहीच अडत नाही. साथीदार आले की पंचाईत होते, म्हणून हुकरला साथ करणाऱ्यांना त्याच्या हाताकडे आणि पायाकडे डोळे लावून बसावं लागे.

मिसिसिपीचा सन हाउस याच परंपरेतला. त्याच्या ‘डेथ लेटर’वर बीफहार्टने १९६८ च्या ‘स्ट्रिक्टली पर्सनल’मधलं पहिलं गाणं उघड उघड बेतलं आहे. गळा मात्र ब्लूज गायक हाउलिन वुल्फचा. छातीतून येणारा, खरखरीत, शेवटाला चिरकणारा आवाज व्हॅन व्लीटने वुल्फच्या रेकॉर्डी ऐकून घडवला, हे दोघांना पाठोपाठ ऐकलं की पटतं. हार्मोनिका फुंकण्याची ढबही तिथलीच.

आता कल्पना करा, हुकरसारखे चार एकटे गायक एका खोलीत आहेत. प्रत्येकाची ओळ आपापल्या लांबीची, आणि कोणीही दुसऱ्यासाठी आपली ओळ कापायला तयार नाही. ‘ट्राउट मास्क’च्या गिटारी ऐकताना आम्हाला हेच ऐकू येतं. सुटे ओढलेले स्वर, तारेवर घासत जाणारी स्लाइड, अडखळत परत येणारा तुकडा, हे सगळं ब्लूजचंच सामान आहे. फक्त ते एकावर एक रचलं आहे.

पियानो येत नव्हता, तरी पियानोवर

१९६८ च्या उत्तरार्धापासून साधारण आठ महिने हा बँड लॉस एंजेलिसच्या वुडलँड हिल्स भागातल्या एका भाड्याच्या घरात राहिला. ड्रमवर जॉन फ्रेंच, गिटारवर बिल हार्कलरोड आणि जेफ कॉटन, बासवर मार्क बॉस्टन. बास क्लॅरिनेट फुंकणारा व्हिक्टर हेडन हा व्हॅन व्लीटचा चुलतभाऊ म्हणून वावरायचा. प्रत्येकाला कॅप्टनने विचित्र टोपणनाव दिलं होतं: ड्रम्बो, झूट हॉर्न रोलो, रॉकेट मॉर्टन.

व्हॅन व्लीटला पियानो वाजवता येत नव्हता आणि स्वरलिपीही येत नव्हती. तरी त्याने बहुतेक रचना पियानोवरच केल्या. बोटं पडतील तसा एक लहानसा तुकडा सापडला की तो पुन्हा पुन्हा वाजवायचा. फ्रेंच शेजारी बसून ते कागदावर उतरवायचा. मग दुसरा तुकडा, तिसरा. असे वेगवेगळ्या लांबीचे तुकडे जमले की कोणता कोणत्या वाद्याला द्यायचा, कशानंतर काय आणि किती वेळा, हे बसवण्याचं आणि प्रत्येकाला शिकवण्याचं काम बरंचसं फ्रेंचकडेच असे.

यात एक अडचण रोजची होती. पियानोवर दहा बोटं आहेत, गिटारला सहा तारा आणि ती दाबायला चार बोटं. डाव्या हाताचा तुकडा खालच्या पट्टीत, उजव्याचा दोन सप्तकं वर, आणि दोन्ही एकाच गिटारवर हवेत. साध्या चपट्या पिकने, म्हणजे तार छेडायच्या चकतीने, हे जमत नाही, कारण पिक एका वेळी एकच तार किंवा लगतच्या तारा ओढतं. लांबच्या दोन तारा एकाच क्षणी वाजवायच्या तर बोटांनी ओढाव्या लागतात. म्हणून धातूच्या नख्या बोटांत घालून वाजवणं आलं. बॉस्टनही बासवर नुसते सुटे स्वर न वाजवता दोन-तीन तारांचे गुच्छ वाजवतो. त्या करकरीत, टोकदार नादाचा उगम या अडचणीत आहे. हातवळणाला सोपं पडतं म्हणून गिटारवाले सहसा ज्या जागी जातात, तिथे ही गिटार जातच नाही, कारण रचना गिटारवर झालेलीच नाही.

पाच, सात आणि पस्तीस

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या गल्लीतून गेलेल्या माणसाला पुढचं समजावणं सोपं आहे. शेजारशेजारचे दोन माग कधीच तंतोतंत एका गतीने चालत नाहीत. समजा एकाचे मिनिटाला १२० ठोके आणि दुसऱ्याचे १२५. दोघांचा ठोका एकत्र पडला की हळूहळू ते फाकतात, मधेच एकाआड एक पडू लागतात, आणि बरोबर १२ सेकंदांनी पुन्हा एकत्र येतात. तेवढ्या वेळात पहिल्याचे २४ आणि दुसऱ्याचे २५ ठोके झालेले असतात.

अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशने १९६६ मध्ये ‘कम आउट’ या रचनेत हेच टेपवर केलं. एकच बोललेलं वाक्य दोन पट्ट्यांवर, आणि एक पट्टी किंचित पुढे सरकत जाते. त्या वाक्यातले शब्द बीफहार्टने ‘मूनलाइट ऑन व्हरमाँट’ या गाण्यात घेतले आहेत. त्याच गाण्यात एक जुनं चर्चचं भजनही येतं. चर्च, ब्लूज आणि टेपवरचे प्रयोग असे तीन धागे चार मिनिटांच्या एका गाण्यात सापडतात, म्हणून प्रभाव शोधणाऱ्याने हे गाणं चुकवू नये.

मॅजिक बँडचा प्रकार मात्र मागांपेक्षा थोडा वेगळा आहे. इथे मात्रेची गती बहुतेक वेळा सगळ्यांची एकच असते, वेगळी असते ती तुकड्याची लांबी. समजा एका गिटारचा तुकडा ५ मात्रांचा आहे आणि दुसरीचा ७. दोघी पहिल्या मात्रेवर एकत्र निघतात. पाचाचा तुकडा १, ६, ११, १६, २१, २६, ३१ या मात्रांवर सुरू होतो. साताचा १, ८, १५, २२, २९ वर. ३६ वी मात्रा म्हणजे पुन्हा दोघींची पहिली. मध्ये काय घडतं ते नीट पाहा. १५ वर एकीची सुरुवात आणि लगेच १६ वर दुसरीची. पुढे २१ आणि २२ वर तेच, फक्त क्रम उलटा. या दोन जागी कानाला खात्रीने वाटतं की कोणीतरी चुकलं, एक मात्रा आधी उडी मारली. चुकलेलं कोणीच नसतं. रेकॉर्ड ऐकताना जो अडखळल्याचा भास होतो, त्यातला मोठा भाग अशा एका मात्रेच्या अंतराने येणाऱ्या सुरुवातींचा आहे.

आपल्याकडची लयकारी याच्या जवळ जाते, पण एक फरक मोठा आहे. तबलजी दीडपट, सव्वापट किंवा पावणेदोनपट घेतो तेव्हा पेटीवरचा लेहरा, म्हणजे परत परत येणारी धून, सम (आवर्तनाची पहिली मात्रा) दाखवत राहतो. कितीही दूर गेलं तरी घर कुठे आहे ते कळतं. मॅजिक बँडमध्ये लेहरा धरणारा कोणीच नाही. ड्रमवाला तरी ठेका देईल म्हणावं, तर फ्रेंच तोही देत नाही. सगळ्यांचे तुकडे त्यानेच लिहून काढलेले असल्याने ते त्याला पाठ होते. तो कधी एका गिटारचा ताल हाताने उचलतो, कधी बासचा पायाने, आणि कधी दोन्ही एकदम. म्हणून ड्रम धरून ऐकायला गेलं की आपण आणखीच हरवतो.

मग सम कुठे? काही ठिकाणी तुकडे हिशेबाने भेटेपर्यंत वाजतात आणि तिथे सम सापडते. बऱ्याच ठिकाणी भेटण्याआधीच, ठरलेल्या आवृत्त्या झाल्या की सगळे एकदम थांबतात आणि पुढच्या भागात उडी घेतात. तो काटच सम समजायचा. आणि तोपर्यंत प्रत्येक वाद्याला आपली वेगळी सम असते. चौघं पुढच्या भागात एकाच क्षणी कसे पोचतात, हे ऐकलं की बाकी शंका राहत नाही. मनाला येईल तसं वाजवणाऱ्यांना ते शक्यच नाही.

त्या घरात काय चाललं होतं

व्हॅन व्लीटने मुलाखतींत सांगितलं की ही सगळी रेकॉर्ड त्याने साडेआठ तासांत रचली आणि ज्यांना वाजवता येत नव्हतं अशा पोरांना शिकवून उभं केलं. ही कथा अनेक लेखांत जशीच्या तशी उतरली. ती खोटी आहे. वादक आधीच तयारीचे होते आणि रचना महिनोन्महिने चालल्या. दिवसाला बारा-चौदा तास तालीम, खायला अनेकदा एका वेळची वाटीभर सोयाबीन, घराबाहेर जायला बंदीसारखी स्थिती, एकेकाला मध्ये बसवून तासन्‌तास झापणं, प्रसंगी मारहाण. हे फ्रेंच आणि हार्कलरोड या दोघांनीही पुढे आपापल्या पुस्तकांत लिहिलं. एवढं करून पहिल्या छपाईत फ्रेंचचं नावच नव्हतं.

थोर संगीतासाठी असा छळ लागतोच, असं म्हणणारे भेटतात. ते आम्हाला मान्य नाही. पोटभर जेवणावर आणि माणुसकीच्या वागणुकीवरही पाच आणि सात पस्तिसाव्या मात्रेनंतर भेटतातच. १९७८ पासून नव्या, तरुण वादकांना घेऊन निघालेल्या तीन अल्बमांत तितकीच अवघड रचना आहे.

स्टुडिओतलं काम मात्र झटपट झालं. निर्माता झॅपा. ग्लेंडेलच्या व्हिटनी स्टुडिओत सुमारे वीस गाण्यांची वाद्यं सहा तासांत ध्वनिमुद्रित झाली, कारण सगळं पाठ होतं. गाताना व्हॅन व्लीटने हेडफोन लावायला नकार दिला. काचेपलीकडून जेवढा आवाज झिरपेल तेवढ्यावर तो गायला. त्यामुळे आवाज वाद्यांच्या पुढे-मागे सरकतो. ही सैलता खरीच सैलता आहे, तिचा ५ आणि ७ शी संबंध नाही, म्हणून हिशेब मांडताना गाणं बाजूला ठेवायचं. ड्रमवर आणि झांजांवर पुठ्ठा घातला गेल्याचं झॅपाने नोंदवलं आहे. त्याने घुमारा मरतो आणि ठोका कोरडा, तोकडा पडतो.

जॅझ किती?

जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनचं नाव इथे येतंच. डिसेंबर १९६० मध्ये त्याने आठ वादक घेऊन ‘फ्री जॅझ’ ध्वनिमुद्रित केलं, चार डाव्या बाजूला, चार उजव्या. मुख्य कोण आणि साथीला कोण हा भेद त्याने बाजूला ठेवला, कॉर्डचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरगुच्छांचं, ठरलेलं चक्र सोडलं. बीफहार्टने त्यातून सर्व वाद्यांची बरोबरी घेतली आणि कॉर्डचं चक्र सोडणं घेतलं. वादकाचं स्वातंत्र्य मात्र घेतलं नाही. कोलमनकडे वादक त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. मॅजिक बँडमध्ये सुचेल ते फुंकायची मुभा फक्त स्वतः व्हॅन व्लीटला आणि हेडनला. ‘हेअर पाय: बेक १’मध्ये ते दोघं घराबाहेरच्या झाडोऱ्यात उभं राहून फुंकताहेत आणि आत बँड आपला ठरलेला तुकडा वाजवतो आहे. बांधलेलं काय आणि मोकळं काय, हे एकाच वेळी ऐकायचं तर हे ध्वनिमुद्रण घ्यावं.

कसं ऐकावं

७९ मिनिटं एका बैठकीत ऐकू नका. आधी ‘सेफ अ‍ॅज मिल्क’ ऐका, मग १९७२ चं ‘क्लिअर स्पॉट’, जिथे त्यांतलेच काही हात सरळ ठेक्यावर वाजवतात. ‘ट्राउट मास्क’मधून आधी ‘डालीज कार’ घ्या. दोनच गिटारी, गाणं नाही, ड्रम नाही, दीडेक मिनिटाचा तुकडा. फोनच्या स्पीकरवर ऐकलं तर दोन्ही गिटारी एकमेकींत मिसळून चिखल होतो, म्हणून हेडफोन हवाच. आधी फक्त डाव्या कानाने, मग फक्त उजव्या, शेवटी दोन्ही. मग ‘मूनलाइट ऑन व्हरमाँट’, आणि त्यानंतरच रेकॉर्डचं पहिलं गाणं ‘फ्राउनलँड’. ते दोन मिनिटांच्याही आत संपतं. चार वेळा ऐका, दर वेळी एकच वाद्य धरून.

करून पाहायचं असेल तर

दोन गिटार, एक बास आणि एक हलगी एवढं पुरे. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या आणि मिरवणुकांतल्या हलगीवर वाढलेला पोरगा सोबत असेल तर काम सोपं होतं, कारण जोरदार ठोक्यातही त्याची मात्रा हलत नाही.

मेट्रोनोम (मात्रेचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला १०० वर लावा. पहिल्या गिटारला ५ मात्रांचा तुकडा, दुसरीला ७ चा, बासला ३ चा. तिन्ही एकत्र भेटायला १०५ मात्रा लागतात, म्हणजे ६३ सेकंद. तेवढ्यात ५ चा तुकडा २१ वेळा, ७ चा १५ वेळा आणि ३ चा ३५ वेळा होतो. तुकड्याचा फक्त पहिला स्वर जोरात, बाकीचे हलके. सगळेच स्वर सारख्या जोराने वाजले तर सुरुवात कुठे ते कोणालाच कळत नाही.

प्रत्येकाने आपला तुकडा आधी एकट्याने मेट्रोनोमवर पाच मिनिटं न थांबता वाजवावा. तोंडाने आकडे मोजावे लागत असतील तर तो अजून पाठ झालेला नाही. बोलता बोलता वाजला पाहिजे. मग दोघांनीच, ५ आणि ७. बास तिसऱ्या दिवशी आला तरी चालेल. हलगीवाल्याने तोवर नुसती मात्रा द्यायची, प्रत्येक ठोका सारखा.

बिघडतं ते तीन ठिकाणी. १५-१६ आणि २१-२२ च्या जोडीवर दोघांपैकी एक जण दबकतो आणि नकळत दुसऱ्याशी जुळवून घेतो. तिथून पुढे दोघंही एकाच लांबीचं वाजवू लागतात आणि ऐकणाऱ्यांना उलट छान वाटतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. उपाय म्हणजे फोनवर ध्वनिमुद्रण करून ३६ वी मात्रा मोजणे. दुसरी चूक हलगीची. हात सवयीने चार मात्रांच्या चालीवर जातो आणि बाकीचे तिच्या मागे लागतात. सम न दाखवता सारखे ठोके देत राहणं हे वाटतं त्यापेक्षा बरंच अवघड आहे. तिसरी चूक नादाची. नुकतीच शेकलेली हलगी घुमते आणि १५ वा ठोका १६ व्यात मिसळतो. बंद खोलीत हे फार जाणवतं. चामड्यावर तळहाताएवढा पुठ्ठा चिकटपट्टीने लावला तर घुमारा कमी होतो. गिटारलाही ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथे बसवलेल्या असतात त्या पट्टीजवळ, तळहात टेकवून नाद तोडावा.

हे ६३ सेकंद न अडखळता झाले की मगच काट घालायला शिका: ५ चा तुकडा नऊ वेळा झाला की, म्हणजे ४५ मात्रांनंतर, सगळ्यांनी एकदम थांबून नव्या तुकड्यावर जायचं. त्या क्षणी ३ चा तुकडा बरोबर पंधरा वेळा पुरा झालेला असतो, पण ७ चा सहा वेळा होऊन सातव्यातल्या तीनच मात्रा झालेल्या असतात. त्या गिटारवाल्याला आपलं वाक्य अर्ध्यात सोडावं लागतं, आणि तालमीतला सगळ्यात जास्त वेळ त्यालाच द्यावा लागतो.